केनियाच्या जाहिरातींशेजारी हेही छापा

प्रति,
संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की आपल्या पर्यटन पुरवणीत केनियाच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. यंदाही दिसल्या. सिंह, नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (हरणाच्या कुळातले मोठे प्राणी) कळप, तंबूतला मुक्काम, सगळं त्यात आहे. पिवळ्या तापाच्या (यलो फीव्हर) लसीबद्दल मात्र एक ओळही नाही. ती नसल्यामुळे माणसांचे काय हाल होतात ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे पत्र.

यजमानांच्या नोकरीमुळे आमचा बराचसा संसार नैरोबीत झाला. आता आम्ही पुण्यात असतो, आणि ओळखीपाळखीतलं कुणी तिकडे निघालं की चौकशीला आमच्याकडे येतं. आमच्या सोसायटीतलं एक जोडपं मात्र सगळी भिस्त सहलीच्या कंपनीवर ठेवून गेलं. सहल छान झाली. परतताना मुंबई विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्यांनी लशीचं पिवळं कार्ड मागितलं आणि ते दोघांकडेही नव्हतं. मुलगा बाहेर गाडी घेऊन उभा, आणि आईवडिलांची रवानगी विलगीकरणात. साठी ओलांडलेली माणसं ती, केवढी घाबरली असतील! अधिकाऱ्यांचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे. कंपनीचं म्हणणं, आम्ही ई-मेलमध्ये कळवलं होतं. कळवलं होतं खरं, पण इंग्रजीत, अटींच्या लांबलचक यादीत.

हा नियम कडक का, तेही लोकांना सांगायला हवं. पिवळा ताप आपल्या देशात आजवर शिरलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूवाला तोच, आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. एक आजारी माणूस आला तरी पुरे. म्हणून केनिया, युगांडा, इथिओपियासारख्या देशांतून येणाऱ्याकडे लशीचा दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर पुरते. २०१६ पासून दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावी लागत नाही. नेहमीच्या दवाखान्यातली टोचणी इथे चालत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच जावं लागतं आणि सोबत मूळ पासपोर्ट लागतो. अशी केंद्रं राज्यात मोजकीच आहेत. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे बरीच केंद्रं ठरावीक वारीच बोलावतात. निघायच्या आठवड्यात धावाधाव करून हे जमत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा वय साठीपुढे असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोलायलाच हवं. सहल ठरवायच्या आधी बोलावं, पैसे भरल्यावर नव्हे.

दुसरा घोळ व्हिसाचा. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच्या जागी ऑनलाइन प्रवास परवाना आला, तो ईटीए, हे पुष्कळांच्या वाचनातून निसटलं. तो निघण्यापूर्वी काढावा लागतो, अगदी तान्ह्या मुलाचासुद्धा वेगळा. शुल्क सुमारे ३० डॉलर. इंटरनेटवर शोधायला गेलात तर सरकारी वाटणाऱ्या पण दुप्पट-तिप्पट पैसे उकळणाऱ्या साइट आधी समोर येतात. केनिया सरकारच्या साइटचा पत्ता ‘डॉट गो डॉट केई’ने संपतो, तेवढं पाहिलं की फसगत टळते.

आता सामानाबद्दल. आपल्या माणसाची बॅग म्हटली की चिवडा, चकली, मेतकूट, खाकरे आलेच, आणि ते सगळं पिशव्यांच्या आत पिशव्या, वर रबर. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगांना बंदी आहे आणि कायद्यात दंडाबरोबर तुरुंगवासही आहे. विमानतळावर ड्युटी फ्रीची पिशवीसुद्धा काढून ठेवायला लावतात. कारखान्यातून सीलबंद आलेलं पाकीट चालतं. घरचा खाऊ स्टीलच्या चपट्या डब्यांत किंवा कापडी पिशवीत भरावा. मी प्रत्येकाला हेच सांगते: चपला, मळके कपडे, छत्री यांनाही कापडी पिशव्या शिवून घ्या, दोन जुन्या उशांच्या अभ्र्यांत काम भागतं. राष्ट्रीय उद्यानांत तर जून २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही न्यायच्या नाहीत, म्हणून स्टीलची बाटली हवीच. नळाचं पाणी पिऊ नये. लॉजवर भरून घ्यायचं पाणी ठेवलेलं असतं.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज तर इतका घट्ट आहे की जुलैत निघालेली माणसं सुती कुर्त्यांवर जातात. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १,८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा उंच. जुलै-ऑगस्ट हे तिथले थंडीचे महिने. मसाई मारा या अभयारण्याच्या माळरानावर पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत उभं राहिलं की वारा कानात शिरतो. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि वर वाऱ्याला अडवणारं जाकीट घ्या. दहा वाजता हे सगळं उतरवावं लागेल, म्हणून थरांत घाला. लष्करी छापाचे कपडे नकोत. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर हातातल्या सामानासकट १५ किलोचीच परवानगी असते, आणि बॅग मऊ लागते. चाकांची कडक सुटकेस विमानाच्या पोटात मावत नाही.

पैशांच्या बाबतीत कंपनीला एक प्रश्न स्पष्ट विचारा: माराचं प्रवेशशुल्क धरलंय का आणि किती दिवसांचं? जानेवारी ते जून परदेशी प्रौढाला दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर २०२४ पासून आहे, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. चौघांच्या कुटुंबाला हंगामात ही रक्कम किती होते ते तुम्हीच पाहा. स्वस्त पॅकेजचं गुपित बहुधा इथेच असतं. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या न्या. फाटक्या आणि जुन्या छपाईच्या कुणी घेत नाही. तिथला सगळा रोजचा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याच्या सेवेवर चालतो. २००७ मध्ये, आपल्याकडे यूपीआयचं नावही नव्हतं तेव्हा, भाजीवाली मोबाइलवर पैसे घेऊ लागली होती. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घेतलं की पाहुण्यालाही ते वापरता येतं.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. मात्र स्वाहिलीत कुणी वेळ सांगितली तर जपून! त्यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो, सातला ते ‘एक’ वाजला म्हणतात. गाडीची वेळ ठरवताना ती इंग्रजीत पुन्हा विचारून घ्यावी.

मलेरियाचं तसं सरसकट सांगता येत नाही. नैरोबीत धोका अगदी कमी, मोम्बासा-डियानीचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला बराच जास्त. गोळ्या कोणत्या आणि केव्हापासून घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. परतल्यावर कधीही, अगदी काही महिन्यांनीही, ताप आला तर पहिलं वाक्य ‘मी आफ्रिकेत जाऊन आलेय’ हेच सांगावं. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, तो बघता बघता जिवावर बेतू शकतो. विम्यात विमानाने हलवण्याची सोय आहे का तेही पाहा. माराहून रस्त्याने नैरोबी पाच-सहा तास आहे. आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था १९५७ पासून हेच काम करते आणि पर्यटकांना तिचं अल्पमुदतीचं सदस्यत्व घेता येतं.

जेवणाची काळजी मात्र कुणी करू नये. नैरोबीच्या पार्कलँड्समध्ये गुजराती मंडळींच्या कित्येक पिढ्या नांदल्या आहेत, शुद्ध शाकाहारी थाळी चालत जाऊन मिळते. आणि मी तर म्हणेन, तिथल्या साध्या खानावळीत चपाती आणि न्डेंगू खाऊनच पाहा. न्डेंगू म्हणजे आख्खे हिरवे मूग, कांदा-टोमॅटोवर घट्ट शिजवलेले. सोबत परतलेली सुकुमा विकीची हिरवी पानं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई नारळाच्या दुधात ते मूग करायच्या, अजून मी तसेच करते.

शेवटचं सांगणं थोडं जिव्हाळ्याचं आहे. गाडीतून आपली माणसं चालकाला घाई करतात: ‘अजून जवळ घे, रस्ता सोड, गवतात घाल.’ मारात रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करायच्या नाहीत. नियम मोडला तर दंड त्या चालकाच्या माथी, परवान्यावरही बेतू शकतं. नदीकाठी मी विल्डबीस्टचा कळप पाहिलाय. पुढचे पाय चिखलात, नाकपुड्या फुगलेल्या, आता उतरणार एवढ्यात वरच्या अंगाला गाड्या पुढे सरकल्या, कुणीतरी ओरडलं, आणि सगळा कळप धूळ उडवत मागे फिरला. तासन् तास वाट पाहिलेल्या सगळ्यांचा दिवस त्या एका आरोळीने गेला. आणि त्या जनावरांना नदी ओलांडायची होतीच, गवत पलीकडे होतं.

कुणालाही काही विचारण्याआधी ‘जांबो’, ‘हबारी’ म्हणून चौकशी करावी. तिथे नमस्काराशिवाय थेट प्रश्न टाकणं उद्धटपणाचं समजतात. मसाई जमातीच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, पोलिसांचे आणि सरकारी इमारतींचे तर मुळीच नकोत.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की केनियाच्या जाहिराती छापता त्या पानावर चौकटीत चार ओळी मराठीत द्या: लस, ईटीए, प्लास्टिक, प्रवेशशुल्क. आणि कंपन्यांनी हीच माहिती आगाऊ रक्कम घेतानाच, मराठीत, कागदावर ग्राहकाच्या हातात द्यावी असा आग्रह आपल्या वृत्तपत्राने धरावा. जुलैअखेरीस निघणाऱ्यांनी लसीकरण केंद्राची वेळ याच आठवड्यात घेऊन टाकावी.

आपली,
एक वाचक
कोथरूड, पुणे