हेडक्लार्क काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या सासूबाईंचे बंद पडलेले मासिक अर्थसाहाय्य गेल्या महिन्यात पुन्हा सुरू झाले आणि पाच महिन्यांच्या थकबाकीपैकी चार महिन्यांची रक्कमही खात्यात जमा झाली. ही बातमी मी घरी येऊन तुम्हाला सांगितलीच आहे. तरीही हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्यासाठी नेमके काय केले, हे आपल्या पेडणे तालुक्यातल्या इतर घरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

पैसे थांबले तेव्हा आमच्या हाती कोणताही कागद आला नव्हता. चवथ तोंडावर आली होती, आणि पासबुकात रक्कम दिसेना म्हणून चौकशीला गेले, तर "नाव यादीतून कमी झाले आहे, नवीन अर्ज करा" एवढेच उत्तर खिडकीवर मिळाले. पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून पणजी अशा बस बदलत तीन फेऱ्या झाल्या आणि शेवटी मी नवीन अर्ज भरायला बसलेही. तुम्ही मला थांबवले. नवीन अर्ज केला की आधीचा हक्क संपला हे आपणच कबूल केल्यासारखे होते आणि मग थकबाकी मागायला आधार उरत नाही, हे तुमचे म्हणणे तेव्हा मला पुरते उमगले नव्हते. पण तुम्ही चाळीस वर्षे सरकारी टेबलापलीकडे बसून काढलीत, म्हणून मी ऐकले.

"आधी निर्णय हातात घे, मग त्याच्यावर बोल," असे तुम्ही म्हणालात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, प्रशासकीय निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला त्या निर्णयाची कारणे कळवणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे, आणि आपल्या गोव्याने तर केंद्राच्या आठ वर्षे आधी, १९९७ मध्येच, माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता, हे सांगताना तुमच्या आवाजात आलेला अभिमान मला अजून आठवतो. १० रुपये शुल्क भरून आपण आदेशाची प्रत, त्यामागची टिपणे आणि त्या दिवसाच्या आवक नोंदवहीची पाहणी मागितली. ३० दिवसांच्या मुदतीत उत्तर आले, आणि त्यात कारण एका ओळीचे होते: हयातीचा दाखला प्राप्त नाही.

दाखला तर आम्ही दिला होता. त्याची पोच सासूबाईंनी देवघरातल्या पोथीत घडी करून ठेवली होती. कुंकवाचा डाग पडलेल्या त्या चिठोऱ्यावरचा शिक्का आणि आवक क्रमांक तुम्ही भिंग लावून वाचलात. नोंदवही पाहायला गेलो तेव्हा तोच क्रमांक सासूबाईंच्याच नाव-आडनावाच्या, पण पतीचे नाव वेगळे असलेल्या, शेजारच्या वाड्यावरच्या बाईंपुढे लिहिलेला निघाला.

यानंतर तुम्ही जे केले त्याबद्दल मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत. आक्षेप दाखल करण्याआधी तुम्ही मला त्या बाईंच्या घरी पाठवले. आमची नोंद दुरुस्त झाली की त्यांची नोंद रिकामी पडणार होती, आणि त्या मात्र पैसे येत आहेत म्हणून निर्धास्त होत्या. त्या वर्षीचा दाखला द्यायचा राहिला आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. तीन दिवसांत त्यांनी दाखला दिला, पोच घेतली, आणि मगच तुम्ही आमचा कागद पुढे जाऊ दिलात. आपले काम होण्याच्या घाईत मला हे सुचले नसते.

आक्षेपाचा पहिला मसुदा मी तीन पानांचा लिहिला होता. त्यात सासूबाईंचे गुडघे होते, औषधांचा खर्च होता, खिडकीवरचा अपमान होता. तुम्ही पेन्सिलीने ओळीमागून ओळ खोडलीत आणि म्हणालात, "हे सगळे खरे आहे, पण हे वाचून अधिकाऱ्याला दया येईल, निर्णय चुकला हे दिसणार नाही." मग एका पानात बसेल एवढेच उरले: कोणत्या आदेशावर आक्षेप आहे, तो आम्हाला केव्हा व कसा कळला, त्याचे कारण वस्तुस्थितीला धरून का नाही, आणि सोबत कोणता पुरावा जोडला आहे. आदेश कधी बजावलाच गेला नसल्यामुळे मुदत प्रत हाती पडल्याच्या दिवसापासून मोजावी आणि तरीही विलंब झाला असे वाटल्यास तो माफ करावा, हे वाक्य तुम्ही मुद्दाम वरच घातलेत. शेवटी मागण्या स्पष्ट लिहिल्या: आदेश रद्द करावा, साहाय्य थांबले त्या महिन्यापासूनची थकबाकी द्यावी, विरुद्ध निर्णय घ्यायचा झाल्यास आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा.

पत्र मराठीत असावे हा आग्रहही तुमचाच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान दिले आहे, आणि जिच्या नावाने कागद जातो तिला तो वाचून कळला पाहिजे, असे तुम्ही म्हणालात. सासूबाईंनी तो दोनदा वाचला, पतीचे नाव ठळक करायला सांगितले आणि मगच सही केली. मूळ पोच आपल्याकडे ठेवून झेरॉक्स जोडली आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही.

आक्षेप फेटाळला गेला असता तर पुढे काय, याचीही तयारी तुम्ही करून ठेवली होती. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मिळकत कितीही असली तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ती वेळ आली नाही, पण ती वाट आहे हे कळल्यामुळे आमच्या घरात त्या रात्री सगळे शांत झोपले.

पाचव्या महिन्याची रक्कम अजून यायची आहे. त्याचे स्मरणपत्र या वेळी मी स्वतः लिहिले आहे. आधीच्या पत्राचा आवक क्रमांक आणि दिनांक पहिल्याच ओळीत घातला आहे. रविवारी सासूबाईंना घेऊन ते दाखवायला येते. पेन्सिल जवळ ठेवा.

आपली कृतज्ञ,
वरच्या वाड्यावरची सून