बालकल्याण संस्थांचा ‘प्रशासकीय खर्च’ म्हणजे उधळपट्टी नव्हे

संपादक महोदय,

मुलांसाठी देशभर काम करणाऱ्या संस्थांच्या आवाहनांत हल्ली एक टक्केवारी ठळक छापलेली असते : देणगीतला इतका भाग थेट मुलांसाठी, प्रशासनावर फक्त इतका. देणगीदार तीच पाहून संस्था निवडतात आणि विश्वस्त मंडळेही तो दुसरा आकडा खाली ठेवण्याच्या मागे लागतात. कारभार बिघडायला सुरुवात इथूनच होते. कारण प्रशासनाच्या खात्यात जे धरले जाते त्यात देखरेखही असते, आणि मूल सुरक्षित राहते ते देखरेखीमुळे.

विदेशी देणगी कायद्यात २०२० साली दोन मोठे बदल झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. पूर्वी मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या छोट्या संस्थेला निधी देऊन तिच्यामार्फत काम करवून घेई. विदेशी पैशातून तेच काम करायचे तर आता स्वतःची माणसे नेमून, स्वतःची कार्यालये थाटून करावे लागते. म्हणजे देखरेखीची गरज वाढली आणि तिच्यासाठीची मुभा निम्म्याहून खाली आली. व्यवस्थापनाचे पगार आणि प्रवास, कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस, वकील व लेखापरीक्षकांचे शुल्क, अहवाल तयार करून सादर करण्याचा खर्च, हे सारे त्या २० टक्क्यांतच बसवायचे. मग दोनपैकी एक होते : बालगृहांच्या भेटी कमी होतात, नाहीतर हा खर्च प्रकल्पाच्या नावावर दाखवला जातो. दुसरा मार्ग पुढेमागे लेखापरीक्षणात उघडा पडतो. पहिला कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा.

बालन्याय कायद्याच्या कलम ५४ नुसार सरकारनियुक्त तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बालगृहाला भेट द्यायची असते. किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेच. पण या भेटीवर विसंबून विश्वस्तांनी हात झटकू नयेत. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला मुलींवरचा अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आला तो टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. हजेरीपट, साठ्याची वही, भिंतींचा रंग पाहून परतणाऱ्या तपासणीत असे काही सापडत नाही. मुलांशी अधीक्षकाच्या गैरहजेरीत बोलावे लागते, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस, दिवसभराचा वेळ आणि प्रवासखर्च लागतो. मुलांनी तक्रारी टाकाव्यात म्हणून बालगृहात ठेवलेल्या सूचनापेटीचेही तसेच. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार पेटीची किल्ली अधीक्षकाकडे नव्हे, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असायला हवी. किल्ली कार्यालयाच्या खिळ्याला टांगलेली असेल, तर पेटीत तक्रार कोण टाकणार?

विश्वस्त मंडळाने प्रत्येक बैठकीत बालसुरक्षा हा स्वतंत्र विषय ठेवावा. एका विश्वस्ताकडे ती जबाबदारी नावानिशी द्यावी आणि त्याच्यापर्यंत तक्रार अधीक्षकाला वगळून पोहोचण्याची सोय करावी. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम २१ प्रमाणे हाताखालच्या व्यक्तीने केलेल्या गुन्ह्याची माहिती न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘आधी अंतर्गत चौकशी करू’ म्हणून पोलिसांकडे जाणे लांबवणाऱ्या मंडळांनी हे कलम वाचलेलेच नसते.

जबाबदारी ठरवायची तर विश्वस्त कोण, हे आधी कागदावर नक्की हवे. महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासाने विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो अडतो बहुधा एकाच ठिकाणी : सभेची नोटीस संस्थेच्या घटनेतल्या मुदतीत सर्व सभासदांना गेल्याचा पुरावा नसतो. अर्ज वर्षानुवर्षे लोंबकळतो, परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, विश्वस्त म्हणून जुनीच, कधी दिवंगतांचीही नावे राहतात आणि वाद झाला की बँकेत सही कोणाची चालणार यावरच महिने जातात. तोवर मुलांचा किराणा आणि काळजीवाहकांचे पगार थकतात. नोटीस रवाना केल्याची पोच जपून ठेवणे एवढे साधे काम यातले बरेचसे टाळते.

देणगीदारांनी टक्केवारीऐवजी तीन गोष्टी मागाव्यात : परिशिष्ट एकचा ताजा उतारा, बालगृहाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत (ही नोंदणी पाच वर्षांचीच असते) आणि गेल्या वर्षात संस्थेच्या स्वतःच्या माणसांनी किती भेटी दिल्या, त्यांवर किती खर्च झाला, याचा तपशील. हा तपशील वार्षिक अहवालात वेगळ्या ओळीत छापायला संस्थांनी संकोच करू नये. आणि केंद्र सरकारने विदेशी देणगी नियमांतील नियम ५ दुरुस्त करून बालगृहांची तपासणी व बालसुरक्षा प्रशिक्षण यांवरचा खर्च प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळावा.

– धर्मादाय संस्थांचे हिशेब व बालगृहांची पाहणी करणारे काही जण, पुणे