त्रिएस्तेहून बाबांना

त्रिएस्ते (इटली), १६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, "गाव कसं आहे गं?" आणि मी "छान आहे, थंडी आहे" एवढंच सांगते. हे गाव फोनवर सांगून संपत नाही, म्हणून आज कागद घेऊन बसले. बाहेर बोरा सुटलाय. हा इथला वारा, ईशान्येच्या डोंगरावरून थेट समुद्रात कोसळतो. पूर्वी लोकांना धरायला रस्त्याच्या कडेने दोर बांधत. सकाळी एका वळणावर मला पाऊल पुढे टाकता येईना, तेव्हा एका अनोळखी आजींनी काही न बोलता माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडून दिला.

मी राहते त्या भागात आधी मिठागरं होती, बाबा! १७१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने त्रिएस्ते मुक्त बंदर म्हणून जाहीर केलं. देशोदेशीचे व्यापारी येऊ लागले, जागा पुरेना, मग मिठागरं बुजवून सरळ रस्त्यांची पेठ वसवली. त्या सम्राटाच्या मुलीच्या, मारिया तेरेझाच्या नावानेच ती ओळखली जाते. मधोमध कालवा आहे, गलबतं त्यातून वखारींच्या दाराशी येत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे आले ते भांडुप-कांजूरचे मिठाचे पांढरे ढीग.

कालव्याजवळ निळ्या घुमटांचं सर्बियन लोकांचं चर्च आहे, समुद्रासमोर ग्रीकांचं, आणि थोडं आत गेलं की १९१२ चं भलं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. युरोपातले कितीतरी ज्यू इथून जहाजाने पॅलेस्टाइनला जायचे, म्हणून या बंदराला 'सियोनचं दार' म्हणत. आपल्या ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या सिनेगॉगचं नाव शाआर हाशामायिम, म्हणजे 'स्वर्गाचं दार', हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. ते तर १८७९ चं, इथल्यापेक्षा तेहेतीस वर्षांनी थोरलं.

आमच्या घरमालकीणबाई नव्वदीच्या आहेत, घरात स्लोव्हेनियन बोलतात. त्यांची आई जन्मली तेव्हा हे गाव ऑस्ट्रियाचं होतं, त्या स्वतः जन्मल्या तेव्हा इटलीचं आणि धाकटा भाऊ जन्मला तेव्हा दोन्हींचं नव्हतं. १९४७ ते १९५४ हा वेगळाच 'मुक्त प्रदेश' होता. तिघांचा जन्म याच घरातला. फॅसिस्टांच्या काळात स्लोव्हेनियन आडनावं बदलून इटालियन केली, शाळेत ती भाषा बंद झाली. बाई सांगतात, "आई स्वयंपाकघराची खिडकी लावून मगच आमच्याशी बोलायची." हे सांगताना त्यांचा आवाज आजही आपोआप खाली येतो.

गावाच्या एका टोकाला रिझिएरा आहे. रिझिएरा म्हणजे भातगिरणी. १९४३ नंतर जर्मनांनी त्या गिरणीची छळछावणी केली, आत प्रेतं जाळायची भट्टी बांधली. मी एकदाच गेले. कोकणातल्या माणसाला भातगिरणी म्हटलं की कोंड्याचा वास आठवतो. तिथून परतल्यावर दोन दिवस मला भात गिळवला नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. इथून रेल्वेने तासाभरावर उदिने नावाचं शहर आहे. तिथल्या कार्मिने चर्चमध्ये ओदोरिको नावाच्या साधूची दगडी शवपेटी आहे. हा माणूस याच मुलखातला, पोर्देनोनेचा. १३२० च्या दशकात तो होर्मुझहून, खिळ्यांऐवजी दोरीने शिवलेल्या जहाजातून अठ्ठावीस दिवसांत कुठे उतरला, सांगा. आपल्या ठाण्यात! १३२१ मध्ये धर्मावरच्या वादातून ठाण्यात चार ख्रिस्ती साधू मारले गेले होते. त्यांच्या अस्थी त्याने उचलल्या आणि जहाजाने पार चीनपर्यंत नेल्या. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती असं त्याने सांगून ठेवलंय. आणि तिथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांना आवरत नाहीत, असंही. त्या नक्की आपल्या घुशी, बाबा! त्या दगडाला हात लावून मी उभी राहिले आणि सातशे वर्षांपूर्वीचं कोणीतरी आपल्या गल्लीतून नुकतंच परतल्यासारखं वाटलं. कंठ दाटून आला.

शाळेत सोडताना तुम्ही ठाण्याच्या जेलच्या भिंतीपाशी सायकल हळू करायचात. जेल म्हणजे जुना किल्लाच; तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला, मग इंग्रजांनी घेतला, आणि १७८७ मध्ये आत खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट निघाला. शिलाहार स्वतःला पश्चिमसमुद्राधिपती म्हणवत, हे सांगताना तुम्ही छाती फुगवायचात. तेव्हा मला शाळेला उशीर होईल एवढीच काळजी असायची. आज त्यातला शब्द न् शब्द हवाय.

म्हणून एक काम सांगते. समोरच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू मावशींकडे जाऊन बसा. त्यांच्या आजोबांचं गाव कुठलं, 'शनवार तेली' (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणून लोक कशी हाक मारत, त्यांची कोणकोण माणसं इस्रायलला गेली, सगळं विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्या थकल्यात, हे काम लांबणीवर टाकू नका. लहानपणी त्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा द्यायच्या, गोड पोहे, वर खोबरं आणि फळांच्या फोडी. त्यात वेलची घालायच्या की गुलाबपाणी, मला नीट आठवत नाही, तेही विचारा.

जानेवारीत सुट्टी मंजूर झाली आहे. आल्यावर पहिल्याच सकाळी आपण दोघं कोपिनेश्वरापासून जेलपर्यंत आणि तिथून खाडीपर्यंत चालत जाऊ. तुमचा गुडघा दुखला तर मधे मासुंदा तळ्याच्या कठड्यावर बसू.

आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची,
बेबी