वहीतलं झाड

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय विन्या,

चौदा महिने झाले तुला एक ओळ लिहून. सचिनच्या लग्नात मांडवामागं तू म्हणालास, "तो राउटर आता काढ बाबा, त्याचं वय झालं," आणि मी ताटातला जिलेबीचा तुकडा तसाच टाकून निघून आलो. नंतर तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. राग राउटरचा नव्हता. तो राउटर आपण दोघांनी रॅकमधे चढवला होता, खिळ्यापासून, आणि तूच तो काढ म्हणतोस हे मला लागलं. आज लिहितोय कारण गेल्या आठवड्यात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. घरात सांगून बघितलं. सुमन म्हणाली, "चालू झालं ना मग? झोपा आता."

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे. आईचा गुडघा पावसात धरतो, बाकी बरी आहे.

तर ऐक. मार्चमधे ऑडिटरनं शेरा मारला होता: हेड ऑफिसच्या सिस्को राउटरवरचं आयओएस, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, जुनं आहे, अद्ययावत करावं. शेरा खरा होता. मॉडेल २८११, त्यावर व्हर्जन १२.४(१५)टी, आपण २०१० ला टाकलेलं. त्या मॉडेलचा कंपनीचा सपोर्ट २०१६ लाच संपला. खरं तर तेव्हाच मी बोर्डाला लिहून द्यायला हवं होतं की आता व्हर्जन नको, मशीनच बदला. तू तेच म्हणत होतास. मी म्हटलं, या मॉडेलवर १५.१(४)एम पर्यंत चढतं, तेवढं चढवू, शेरा निघेल.

पुरवठादारानं पेनड्राइव्हवर आयओएसच्या दोन फायली, म्हणजे इमेज, पाठवल्या. मी त्या शनिवारी खानापूरला, थोरल्या मेव्हण्याकडं बारशाला. ऑफिसात शिवानंद एकटा. तुला माहीत नाही तो, तू गेल्यावर चार वर्षांनी आला, गोकाककडचा, अजून प्रोबेशनवर आहे. घरी कन्नड, पण मराठी आपल्यासारखी बोलतो. कामाला वाघ. रात्री नऊला त्याचा फोन. मागं बायका पाळणा म्हणत होत्या, मला नीट ऐकूही येत नव्हतं. "सर, दोन फायली हायत. कुठली टाकू?" मी म्हटलं, "सगळ्यात नवी टाक आणि मोकळा हो."

हे वाक्य लक्षात ठेव. सगळ्यात नवी टाक.

एक फाईल होती १२.४(२५), नावात ॲडव्हसिक्युरिटीके९. दुसरी १५.१(४)एम, नावात आयपीबेसके९. आता तू हसशील. हसू नको, त्या पोराच्या जागी उभा राहून बघ. एका फायलीवर बारा, दुसरीवर पंधरा. के९ दोन्हीकडं. के९ म्हणजे एनक्रिप्शन असलेली इमेज हे मीच त्याला शिकवलेलं. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "सर, नंबर मोठा हाय, के९ बी हाय. मला वाटलं व्हीपीएन येतंय त्यात." आयपी बेसमधल्या के९ नं राउटरवर एसएसएच नं, म्हणजे दुरून सुरक्षितपणे, लॉगिन करता येतं, शाखांना जोडणारे व्हीपीएनचे बोगदे बांधता येत नाहीत, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मला ते माहीत आहे हेसुद्धा मी विसरलो होतो.

तुझं ते बसस्टँडवरचं वाक्य आठवतं का? सीबीटीवर चहा पीत होतो, समोर कोरी करकरीत गाडी लागली आणि मी धावलो, आणि ती निघाली गोकाकला. तू म्हणालास, "गाडी नवी का जुनी बघू नको रे, पाटी बघ." कन्नड पाटी तेव्हा मला धड वाचता येत नव्हती, आणि त्याच रात्री ऑफिसात तू फायलीचं नाव तोडून दाखवलंस. आधी सी२८००एनएम, म्हणजे कुठल्या मशीनसाठी. मग फीचर सेट, म्हणजे त्यात काय काय चालतं, ती पाटी. मग एमझेड, त्यातला एम म्हणजे रॅममधून चालते, झेड म्हणजे झिप करून ठेवलेली. आणि शेवटी व्हर्जन. मी म्हटलं होतं, व्हर्जन शेवटी का लिहितात, तेच तर महत्त्वाचं. आपलं पहिलं भांडण त्यावरूनच. दुसरं त्या टी वरून. मी म्हणायचो १२.४(२५) हे १२.४(१५)टी च्या पुढचं, पंचवीस पंधरापेक्षा मोठे. तू म्हणायचास, दोन वेगळ्या लाइनी आहेत: साध्या १२.४ मधे फक्त चुका दुरुस्त होत जातात, नवं काही येत नाही. नवं सगळं टी मधे येतं. मी दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी. आणि बाराच्या चारानंतर एकदम पंधरा आला, तेरा-चौदा गायब, तेव्हा तू टेबलावर हात आपटून म्हणालास, "बघ, हे नंबर मोजायचे नसतात!" अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं होतं.

बरं. शनिवारची रात्र. फ्लॅश कार्ड ६४ एमबीचं, त्यात आपल्या जुन्या फायली, दोन इमेज मावेनात. त्यानं जुनी पुसली, नवी चढवली, रीलोड दिला. राउटर उठला. उठताना कन्सोलवर, म्हणजे राउटरला जोडलेल्या स्क्रीनवर, सरसर ओळी गेल्या, प्रत्येक क्रिप्टोच्या, म्हणजे व्हीपीएनच्या, ओळीखाली ती ^ अशी छोटी टोपी, "इनव्हॅलिड इनपुट". आयपी बेसला त्या कमांड कळतच नाहीत, त्यानं त्या वाचल्या आणि टाकून दिल्या. शिवानंद तेव्हा फाईल चढवायचा टीएफटीपीचा लॅपटॉप बंद करत होता. मग त्यानं शो व्हर्जन मारलं, पहिल्या ओळीत १५.१ दिसलं. इंटरनेट चालू, पिंग चालू. आणि त्यानं राइट मेमरी मारली, म्हणजे आत्ताच्या सेटिंग्ज सेव्ह केल्या.

विन्या, इथं माझा जीव गेला. जोपर्यंत राइट मेमरी मारली नव्हती तोपर्यंत जुनं कॉन्फिगरेशन आत सुरक्षित होतं. योग्य इमेज घालून उठवलं असतं तर सगळं जिथल्या तिथं आलं असतं. त्यानं सेव्ह केलं आणि टाकून दिलेल्या ओळी कायमच्या गेल्या. ॲक्सेस लिस्ट तशाच राहिल्या, पत्ते तसेच, आणि क्रिप्टो मॅप, पॉलिसी, अकरा शाखांच्या अकरा कीज, म्हणजे गुप्त शब्द, सगळं साफ. आणि "काम झालं की आधी राइट मेमरी, मग घरी" हे त्याला कुणी शिकवलं? मीच. रॅकच्या दारावर माझ्याच अक्षरात चिकटवलेलं आहे.

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी हुक्केरीचा फोन. "सर, कनेक्शन इल्ल्री." मग संकेश्वर, मग चिक्कोडी, मग निपाणी. त्या दिवशी दूधबिलाचे पैसे जमा झालेले. बाहेर पाऊस कोसळतोय आणि प्रत्येक शाखेत छत्र्या घेऊन माणसं रांगेत. हुक्केरीचा कॅशियर म्हणाला, एक आजी पासबुक पदराखाली धरून दीड तास उभी आहे, तिला काय सांगू.

मी कन्सोल लावला, शो व्हर्जन मारलं आणि पहिल्या ओळीच्या कंसात आयपीबेसके९ वाचलं. पाय लटपटले. जुनी इमेज कुठं शोधू? माझा पीसी गेल्या वर्षी फॉरमॅट झालेला. शिवानंद भिंतीला टेकून उभा, पांढरा पडलेला.

आणि मग तुझी वही आठवली.

ती सिमेंटच्या दुकानाची लाल डायरी. स्टोअररूममधे जुन्या व्हाउचरखाली होती. मागच्या कव्हरच्या खिशात सीडी, तिच्यावर तुझ्या मार्करनं: "हे चालतं आहे. हात लावू नको." तिसऱ्या वेळी सीडी वाचली गेली. आणि आत, सातव्या पानावर, ते झाड. खाली बुंध्यात आयपी बेस. त्याच्यावर तीन फांद्या: आयपी व्हॉइस, ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी, एंटरप्राइझ बेस. त्यावर आणखी तीन, आणि शेंड्याला ॲडव्हान्स्ड एंटरप्राइझ सर्व्हिसेस. आठ पॅकेजेस. बाजूला लाल पेननं दोनदा अधोरेखित केलेलं: "नावात ॲडव्हान्स्ड असेल तरच व्हीपीएन. एंटरप्राइझला भुलू नको." मी ते पान शिवानंदसमोर धरलं. त्यानं बोट ठेवून खालून वर वाचलं आणि रडायला लागला. म्हणाला, "सर, हे चित्र मला पहिल्यांदा दाखवला असता तर."

मग तो वही वाचत गेला आणि मी टाइप करत गेलो. एकेक शाखा. तुझे सात आणि एक अजून सारखेच दिसतात, त्यावरून निपाणीची की तीनदा चुकली. चार वाजून चाळीस मिनिटांनी शेवटच्या ओळीसमोर क्यूएम आयडल, म्हणजे जोडणी झाली, असं आलं. निपाणीच्या बाई फोनवर "आलं, आलं!" म्हणून ओरडल्या ते अख्ख्या हॉलनं ऐकलं.

इथवर सांगायला सोपं होतं.

मंगळवारी बोर्डाची बैठक. शिवानंदला उभं केलं. चेअरमननी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून ही फाईल टाकलीस?" त्यानं माझ्याकडं बघितलं. एकच क्षण. आणि म्हणाला, "माझी चूक झाली साहेब. नीट वाचलं नाही." त्याचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं आणि लेखी समज दिली. टेबलाच्या त्या टोकाचं कुणीतरी "बाहेरचं पोरगं" असं काहीतरी पुटपुटलं, त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात. मी समोर बसलो होतो. पाण्याचा ग्लास उचलला, प्यायलो, खाली ठेवला. बोललो नाही.

आता तुला कळलं मी तुलाच का लिहितोय. गणपतीतली ती रात्र. तू काय केलंस ते तू आजवर कुणाला सांगितलं नाहीस, मीही नाही. तेव्हाही मी असाच बसलो होतो, आणि दोन महिन्यांनी तू पुण्याला गेलास. सगळ्यांना वाटतं पगारासाठी गेलास. तुझी चूक नव्हती हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलं नाही. चौदा महिने फोन न उचलण्यामागं तेही आहे, फक्त लग्नातलं बोलणं नाही.

बुधवारपासून झोप नाही. शिवानंद येतो, हसून "नमस्कार सर" म्हणतो, कामाला लागतो. त्यानं वहीतलं झाड मोबाइलवर फोटो काढून ठेवलंय. परवा सामदेवी गल्लीतून कुंदा आणून माझ्या टेबलावर ठेवला, म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही थांबलात म्हणून." मला तो घशाखाली जाईना. अर्धा डबा तसाच फ्रीजमधे आहे.

आज दुपारी बसून चेअरमनना पत्र लिहिलं. दीड पान. त्यात तीन गोष्टी आहेत: फाईल निवडायला मी फोनवर सांगितलं आणि फीचर सेट सांगितला नाही, रीलोडआधी कॉन्फिगरेशनची प्रत बाहेर काढून ठेवायची पद्धत मी घालून दिली नव्हती, आणि मशीन २०१६ नंतर ठेवायचा आग्रह माझा होता. समज मला द्यावी आणि त्याचं प्रोबेशन पूर्ववत करावं, असं शेवटी लिहिलंय. रजिस्टरला कन्नड प्रत लागते. एरवी ती शिवानंदच करतो, म्हणून स्वतः शब्द जुळवत बसलो. तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं होतं, फार आठवण आली. उद्या सकाळी दहाला देतो. देण्याआधी तुला सांगावं म्हणून हे आज लिहितोय. फोनवर मला बोलता आलं नसतं.

नव्या मशीनचा प्रस्तावही जोडलाय. आता एकच युनिव्हर्सल इमेज असते आणि फीचर लायसन्सनं उघडतात हे माहीत आहे, पण कोटेशनमधे सिक्युरिटीचं लायसन्स वेगळ्या ओळीत मागायचं की मशीनसोबत धरायचं, ते तू कळव. तुमच्याकडं कसं घेतात? पुन्हा "सगळ्यात नवं द्या" असं मी कुणालाही म्हणणार नाही.

तुझं काय? सईचा बारावीचा निकाल लागला का? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं सचिनकडून कळलं, बरं झालं. वाकडचं घर सोडलंस का अजून तिथंच? दिवाळीत ये. वहिनींना नमस्कार.

वही माझ्या कपाटात आहे, कुलूप लावून. तुझी आहे, तू म्हणालास तर कुरिअर करतो. पण शिवानंद विचारत होता, सातवं पान त्याला रॅकच्या दारावर लावायचंय, माझ्या त्या राइट मेमरीच्या चिठ्ठीच्या वर. मी म्हटलं, वहीच्या मालकाला विचारून सांगतो.

तुझा,
बाळ्या