ईगल रेच्या मागे लागू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्कूबा डायव्हिंगवरचा लेख वाचला. खर्च, हॉटेल, कपडे सगळे आले. पाण्याखाली वागायचे कसे, यावर मात्र एक ओळ नाही. मालवणला बिस्किटे टाकून मासे गोळा करणारी हौशी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांत आपल्याकडचेही कमी नसतात.

मी परभणीची, निवृत्त शिक्षिका. पोहायला शिकले ते शेतातल्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. गेल्या हिवाळ्यात लक्षद्वीपला कदमत बेटावर डायव्हिंग केले. प्रवाळाच्या उतारावर, १५ मीटर खोलीला, प्रशिक्षकाने टाकीवर टकटक करून खाली बोट दाखवले. तीन ईगल रे, म्हणजे पाकटाच्या कुळातले पंखवाले चपटे मासे, प्रवाहाला तोंड करून चालले होते, पंख अगदी सावकाश हलवत. काळसर पाठीवर पांढरे ठिपके, घोंगडीवर ज्वारीच्या लाह्या सांडाव्यात तसे. एकाने चपटे तोंड वाळूत खुपसले आणि धुरळा उडवला. शिंपले नि गोगलगायी हे त्यांचे खाणे. दात म्हणजे सपाट पाट्याच, त्यांत कवच भरडून निघते.

तेवढ्यात आमच्यातला एक कॅमेरेवाला पाय झाडत त्यांच्या मागे धावला. तिघेही क्षणात दिसेनासे झाले, वर त्याच्या फिनने, म्हणजे पायातल्या रबरी वल्ह्याने, प्रवाळाची एक फांदी मोडली. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण आहे, हे त्याला कोण सांगणार?

भाचा विचारतो, "मावशी, २००६ मध्ये त्या टीव्हीवरच्या ऑस्ट्रेलियन मगरवाल्या स्टीव्ह आयर्विनचा जीव घेतला तोच का हा?" नव्हे, ते पाकट वेगळ्या जातीचे. ईगल रेच्याही शेपटीच्या बुडाशी विषारी काटे असतात, पण तो अंगावर येत नाही. माणूस मागे लागला की काढता पाय घेतो. आपण जागच्या जागी तरंगत राहिलो, श्वास संथ ठेवला, तर बऱ्याचदा तोच वळसा घेऊन जवळून जातो. मादीला एका वेताला मोजकीच पिल्ले होतात आणि जाळ्यात सापडणारे वेगळेच. निदान पर्यटकांनी तरी त्यांना पिटाळू नये.

पाठलाग नको, स्पर्श नको, खाऊ घालणे नको, एवढी चौकट दिवाळीच्या सुटीची बुकिंगे सुरू होण्याआधी छापा. जागा कमी पडली तर हॉटेलचा फोटो लहान करा.

आपली,
एक नियमित वाचक, परभणी