रेझिन अंधारात, शिष्यवृत्तीही: विज्ञानमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

थकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल विचारलं, तर ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असं एका ओळीचं उत्तर काल आलं. मंजुरीच्या पत्रात शिष्यवृत्ती दरमहा मिळेल असं लिहिलं होतं. दिवाळीपासून खात्यात रुपया आलेला नाही. प्रकल्पाचा हप्ताही अडकलाय. विचार कोण करतंय आणि इतका वेळ कसला करतंय, तेवढं कळवलंत तर बरं होईल.

माझं काम थोडक्यात सांगते. द्राक्षबागेतल्या एका औषधाचा अंश ओळखणारी चकती बनवायची. सोन्याचा मुलामा दिलेली क्वार्ट्झची चकती पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लात आणि प्रकाशाने पक्क्या होणाऱ्या डायाझो रेझिनमध्ये आलटून पालटून बुडवायची. द्राक्षवेलीची शेंडेवाढ रोखणाऱ्या सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाटचे रेणू आम्लात आधीच मिसळलेले असतात. थरावर थर चढले की अतिनील प्रकाशाने ते पक्के करायचे आणि आतले रेणू धुऊन काढायचे. ओल्या सिमेंटवर पाऊल उमटावं तशी त्या रेणूच्या मापाची जागा मागे उरते. जाड पॉलिमरमध्ये रेणू आतच अडकून पडतात, म्हणून पापुद्रा पातळ लागतो. धुतलेल्या जागेत पुन्हा तोच रेणू येऊन बसला की विजेवर कंपणाऱ्या या चकतीचं कंपन मंदावतं. ५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० लाख वेळा कंपणाऱ्या चकतीवर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १८ नॅनोग्रॅम चढले तरी १ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एका कंपनाचा फरक दिसतो. हे गणित १९५९ सालचं. आमच्या लेखाविभागाचं त्याहून जुनं असावं.

याच सीसीसीच्या अंशांपायी २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली. निफाडला आमच्या घरात त्या वर्षी काय झालं, ते सांगत बसत नाही. वडिलांना वाटतं, पोरगी सरकारी नोकरीत आहे. फोनवर “पगार झाला का गं?” विचारतात. “होईल, दादा,” म्हणते मी. मेसचे पैसे मैत्रीण भरते. तिचं लग्न ठरलंय, मग कोण भरणार माहीत नाही.

डायाझो रेझिन थंडीत, अंधारात ठेवावं लागतं. ऐन उन्हाळ्यात फ्रीज बंद पडला. दुरुस्तीला तीन दरपत्रकं हवीत म्हणाले. ती येईपर्यंत रेझिन गेलं आणि माझे कित्येक महिने गेले.

माझं एकटीचं सोडा. २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा ५ टक्के जीएसटी १८वर नेलात. २०२४च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवर १५० टक्के आयातशुल्क! ओरड झाल्यावर मागे घेतलंत, पण मुळात सुचलं कुणाला? देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या पाऊण टक्काही नाही, चीनचा अडीचच्या घरात. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे ५० हजार कोटी ऐकून आम्ही टाळ्या पिटल्या. त्यातले ३६ हजार कोटी उद्योगांनी आणि दानशूरांनी वगैरे द्यायचे, हे मागाहून कळलं. माझे मात्र महिना ३७ हजार, तेही कागदावर. विज्ञान दिनाच्या मांडववाल्याचं बिल कधी थकल्याचं ऐकलंय?

थकलेली शिष्यवृत्ती एकरकमी द्या आणि हप्ता सोडा. आणि ही फाइल ज्यांच्या टेबलावर आहे, त्यांचा पगारही एक महिना विचाराधीन ठेवून बघा.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी