आबासाहेब, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

गणपतराव देशमुख आबा, नमस्कार.

पत्र लय उशिरा लिहितोय. तुम्ही 30 जुलै 2021 ला गेलात, हे आधीच बोलायला पाहिजे होतं, पण आमच्याकडं माणसाला तोंडावर थँक्यू म्हणायची पद्धतच नाही, फार तर चहा पाजतात.

आधी एक कबुली देतो. 1995 ला सांगोल्यातनं विधानसभेला तुम्ही 192 मतांनी पडलात, तेव्हा आमच्या घरातली दोन मतं तुमच्या विरोधात होती. 1962 पासून एकच माणूस बघतोय, आता जरा बदल बघू, असं वडलांचं म्हणणं. निकालाच्या रात्री मात्र ते जेवलेच नाहीत. आई म्हणाली, स्वतःच शिक्का मारून आलाय आणि आता कशाला तोंड पाडून बसलाय? आमची दोन मतं फिरली असती तरी फरक 188 चा झाला असता, पडलाच असता तुम्ही, पण हा हिशोब वडलांना कधी पटला नाही.

आई तेव्हा तुम्हीच उभ्या केलेल्या सूतगिरणीत कामाला. मत गुप्त असतं म्हणतात पण गावात कुणी कुणाचं काम केलं ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि वडील तर समोरच्यांच्या जीपमधून फिरले होते. महिनाभर घरात भीती, की आता आईला घरी बसवतात का काय. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. त्याच पगारावर मी शिकलो, म्हणून हे पत्र.

तुम्ही मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, पुण्यात वकिली शिकलात आणि प्रॅक्टिसला आलात कुठं तर सांगोल्यात, जिथं पावसाळ्यातसुद्धा माणूस आभाळाकडं बघत बसतो. कोर्टातनं विधानसभेत गेलात ते 11 वेळा, तेही एकाच मतदारसंघातनं, एकाच शेकापकडनं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडनं. 1972 ला पडलात, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आलात. पडल्यावर पक्ष बदलायचा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं! 1978 ला आणि 1999 ला मंत्री झालात तरी लोकांच्या डोक्यात तुम्ही एसटीतलेच. एसटीत आमदारांसाठी सीट राखीव असते आणि आमचा आमदार खरंच तिच्यावर बसायचा, हे आता पोरांना सांगितलं तर हसतात, त्यांना वाटतं म्हातारा फेकतोय.

आणि पाणी. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षं चालवल्यात. कराडजवळ कृष्णेतनं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि आमच्या दुष्काळी भागात आणायचं, हे टेंभू योजनेचं बोलणं लहानपणी आम्हाला गोष्टीतलं वाटायचं. सगळीकडं अजून पोचलं नाही, खोटं कशाला बोलू. पण आमच्या डाळिंबाच्या बागेला टँकर लावायचे दिवस गेले. उन्हाळ्यात कॅनॉलला पाणी सुटलं की वडील उगीचच दोनदा जाऊन बघून यायचे, काही काम नसताना.

ते 1999 च्या निवडणुकीचं सांगायचं राहिलं. वडील सकाळी केंद्र उघडायच्या आधीच रांगेत, आईलाही हातातलं काम टाकून सोबत नेलेलं. तुम्ही निवडून आल्याचं कळलं त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी.

तुमचा,
सांगोला तालुक्यातला एक मतदार